शनिवारचें विमान

‘प्रवास’ हा शब्द आपण हल्लीं फार सैलपणें वापरतों. मुंबईहून पुण्यास जाऊन येणें हाहि प्रवास, काश्मीर पाहून येणें हाहि प्रवास, आणि आठ दिवसांत युरोपांतील पांच राजधान्यांपुढें उभें राहून छायाचित्रें काढून आणणें हाहि प्रवासच. संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ इतका हलका नाहीं. ‘प्र’पूर्वक ‘वस्’ धातूपासून तो झाला आहे. नुसतें जाणें हा त्याचा अर्थ नसून घर सोडून दूर राहणें हा आहे. म्हणूनच जो प्रवासांत आहे तो ‘प्रोषित’, आणि जिचा पति असा दूर राहिला आहे ती ‘प्रोषितभर्तृका’. रामगिरीवर वर्षभर अडकून पडलेला यक्ष प्रवासी होता. तो तेथें सृष्टिसौंदर्य पाहावयास गेला नव्हता. हौसेनें फिरून येण्यास ‘पर्यटन’ हा निराळा शब्द आहे. हा भेद मी वर्गांत पुष्कळदां फळ्यावर मांडून दाखविला, आणि मुलांनीं तो परीक्षेपुरता ध्यानांत ठेविला.

हें शब्दांचें दळण आज काढण्यास कारण झालें माझ्या भाचीचें एक लांबलचक पत्र. ती व तिचे यजमान गेलीं नऊ वर्षें दक्षिण आफ्रिकेंत, जोहान्सबर्गला होतीं व आहेत. दोघेंहि शिकलेलीं, दोघेंहि नोकरींत. २०२४ सालच्या सप्टेंबरांत एका रात्रीं जेवतां जेवतां यजमानांनीं ताट दूर सारलें आणि म्हणाले, “चल, कोठें तरी जाऊं. जेथें टेलिफोन वाजणार नाहीं अशा ठिकाणीं.” भाचीनें विचारलें, “कोठें?” त्यांनीं नकाशावर बोट ठेविलें, तें समुद्रावर पडलें. तिला वाटलें, थट्टा आहे. परंतु तिकिटें, विम्याचे व परवान्यांचे कागद, वरिष्ठांकडून रजा, असें सारें जुळवून आठव्या दिवशीं हें जोडपें अटलांटिक महासागराच्या मध्यभागीं असलेल्या सेंट हेलेना बेटावर, जेम्सटाउन नांवाच्या गांवांत, एका वृद्ध बाईंच्या घरीं पाहुणें म्हणून उतरलें होतें.

पत्र वाचून आमच्या मंडळींनीं पहिला प्रश्न केला तो असा कीं, एवढ्या पैशांत सांगलीस जाऊन येणें झालें नसतें काय? प्रश्न रास्त होता. सांगलीस भाचीचे सासरे असतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वीं पत्नी वारली, वाडा मोठा, माणूस एक. ते जोहान्सबर्गला जाऊन राहण्यास तयार नाहींत, आणि मुलाला नोकरी सोडून येणें अद्याप जमत नाहीं. या गोष्टीवर पतिपत्नींचा वाद इतक्या वेळां झाला होता कीं, अखेर त्यांनीं तो विषयच काढणें सोडून दिलें होतें. न काढलेला विषय हा घरांत सर्वांत जास्त जागा अडवितो. टेलिफोन वाजणार नाहीं अशी जागा यजमानांना कां हवी होती हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. हें सर्व भाचीनेंच मला लिहिलें, आणि नांवगांव न देतां लिहिण्यास हरकत नाहीं असें दोघांनींहि कळविलें, म्हणूनच येथें देतों.

आतां बेटाकडे वळूं. सेंट हेलेना हें नांव आपल्या वाचकांस नेपोलियनच्या चरित्रामुळें परिचित आहे, पण तें आहे कोठें हें विचारलें तर पुष्कळांची तारांबळ उडेल. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून तें सुमारें १९०० किलोमीटर, तर पलीकडे ब्राझिलांतील रिओपासून सुमारें ४००० किलोमीटर दूर आहे. जवळचा शेजारी म्हणावा तर असेन्शन बेट, तेंहि सुमारें १३०० किलोमीटरांवर. सेंट हेलेनाचा विस्तार १२० चौरस किलोमीटरांच्या आसपास आणि वस्ती साडेचार हजारांच्या आंत-बाहेर. सारें बेट ज्वालामुखीनें वर ढकललेलें. कडेनें उघडे तपकिरी कडे आणि मध्यभागीं ढगांत बुडालेलीं हिरवीं शिखरें. त्या कड्यांना एके ठिकाणीं फट पडावी तशी एक अरुंद दरी समुद्रापर्यंत आली आहे, आणि त्या दरींत जेम्सटाउन कोंबून बसविल्यासारखें आहे. लांबी आहे, रुंदी नाहीं. दोन्ही बाजूंस उभे डोंगर, मध्यें एक मोठा रस्ता, त्यावर कंपनीच्या अमदानींतलीं रंगीत घरें, एक देऊळ (१७७४ सालचें), एक लोखंडी सांगाड्याचा बाजार आणि खालीं समुद्र. खुद्द गांवांत सहासातशें माणसें राहतात.

हें गांव तेथें कां वसलें हें समजून घेण्यासारखें आहे. शिडाच्या गलबतांच्या काळीं युरोपांतून हिंदुस्थानाकडे येणारें गलबत या बेटाजवळून सहसा जात नसे. त्या समुद्रांत वर्षभर वारा आग्नेयेकडून वाहतो. म्हणून येतांना गलबतें पश्चिमेस, ब्राझिलच्या बाजूस, मोठा वळसा घालून खालीं उतरत आणि मग आफ्रिकेचें टोंक गांठीत. परततांना मात्र तोच वारा पाठीशीं असे, आणि केप ओलांडल्यावर तो त्यांस नीट या बेटाकडे आणून सोडी. म्हणजे हें बेट हिंदुस्थानास जाणाऱ्यांचें नव्हे. हिंदुस्थानांतून घरीं परतणाऱ्यांचें. परंपरेप्रमाणें तें पोर्तुगीजांस सांपडलें २१ मे १५०२ रोजीं, आणि सांपडलें तेंहि हिंदुस्थानांतून परतणाऱ्या ताफ्यास. पुढें १६५९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें किल्ला बांधून वसाहत केली आणि १८३४ पर्यंत बेट कंपनीच्याच ताब्यांत होतें. आपल्याकडून भरून गेलेलीं गलबतें येथें पाणी व भाजीपाला घेऊन विलायतेस जात. १८५५ सालीं वर्षाला अकराशें जहाजें लागत होतीं असें सांगतात. १८६९ त सुएझचा कालवा उघडला, वाफेच्या बोटींना वाऱ्याची गरज राहिली नाहीं, आणि १८८९ त आंकडा २८८ वर आला. त्यानंतर बेटाला धंदा असा राहिलाच नाहीं. घायपातासारख्या एका झाडाचा वाख काढून त्याची सुतळी करण्याचा एक उद्योग कांहीं काळ चालला. ती सुतळी विलायतेच्या टपालखात्यास लागे. त्या खात्यानें कृत्रिम धागा घेण्यास सुरुवात केल्यावर १९६६ त तोहि बंद पडला. तीं झाडें अजून डोंगरभर माजलीं आहेत आणि तेथल्या मूळच्या वनस्पतींचा जीव घेत आहेत, हें भाचीनें मुद्दाम लिहिलें आहे. एका जातीचें तर, ज्याला तेथील ऑलिव्ह म्हणत, शेवटचें झाड २००३ सालीं मेलें.

या बेटावर राहिलेला पहिला मनुष्य गोव्याहून आला होता, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. जुन्या गोव्याहून मंगेशी-म्हार्दोळास जातांना बाणस्तारीचा पूल लागतो. तो आपल्यापैकीं कित्येकांनीं नारळ-ओटी मांडीवर घेऊन ओलांडला असेल. तेथें आदिलशाहीचा कोट होता. आल्बुकेर्कनें गोवें घेतल्यावर तो मलाक्क्यास गेला असतां कांहीं पोर्तुगीज शिपाई फुटून आदिलशाही सरदार रसूलखान याला मिळाले व मुसलमान झाले. त्यांत फेर्नांव लोपीश नांवाचा एक कुलीन गृहस्थ होता. १५१२ सालीं आल्बुकेर्कनें परत येऊन बाणस्तारीस वेढा दिला. कोट देतांना रसूलखानानें एवढीच अट घातली कीं, या लोकांस जिवें मारूं नये. आल्बुकेर्कनें शब्द पाळला. म्हणजे जिवें मारलें नाहीं. त्यांचीं नाकें व कान कापले, उजवा हात व डाव्या हाताचा आंगठा तोडला, आणि सोडून दिलें. शब्द अक्षरशः पाळून अर्थाचा खून कसा करावा याचें हें उदाहरण.

आल्बुकेर्क मेल्यावर लोपीश स्वदेशीं जाण्यास निघाला. लिस्बनला त्याची बायको व मूल होतें. १५१६ च्या सुमारास त्याचें गलबत पाण्यासाठीं सेंट हेलेनास थांबलें तेव्हां तो उतरला आणि झाडींत दडून बसला. शोधाशोध झाली, सांपडला नाहीं, तेव्हां सोबत्यांनीं बिस्किटें, सुकें मांस, मीठ व जुने कपडे किनाऱ्यावर ठेवून शीड उभारलें. त्या कापलेल्या चेहऱ्यानें बायकोपुढें उभें राहण्यापेक्षां निर्मनुष्य बेट त्यानें पत्करलें. पुढें दरवर्षीं गलबतें येत, तो लपे. खलाशी त्याच्यासाठीं कांहीं ना कांहीं ठेवून जात. अशाच एका गलबतावरून पाण्यांत पडलेला एक कोंबडा त्याला सांपडला. त्यानें तो वांचविला, आणि तो कोंबडा दिवसा त्याच्यामागून हिंडे व रात्रीं त्याच्याजवळ निजे, असें गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकारानें लिहून ठेविलें आहे. आंगठा नसलेल्या एका हाताच्या बळावर त्यानें झाडें लाविलीं, जनावरें वाढविलीं, बाग केली. ही हकीकत राजाच्या कानीं जाऊन त्याला एकदां पोर्तुगालला नेलें. तो रोमला पोपापुढें जाऊन पापक्षालन करून आला. आणि वर काय पाहिजे असें विचारतांच त्यानें मागितलें एवढेंच कीं, मला परत बेटावर सोडा. तेथेंच तो १५४५ च्या सुमारास वारला.

भाचीनें ही हकीकत जेम्सटाउनमध्यें ऐकली आणि तिला राहून राहून त्या लिस्बनच्या बाईचें वाटत राहिलें. नवरा हिंदुस्थानांत जिवंत आहे इतकें तिला कळलें असेल. गलबत आलें हेंहि कळलें असेल. त्यांतून कोण उतरलें नाहीं हें तिनें धक्क्यावर उभी राहून पाहिलें असेल काय? बखरकार तिच्याविषयीं गप्प आहे. बखरकार अशा ठिकाणीं बहुधा गप्पच असतात.

नेपोलियनविषयीं मी फार लिहीत नाहीं; त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ऑक्टोबर १८१५ मध्यें तो येथें उतरला, पहिली रात्र जेम्सटाउनमध्यें निजला, दोन महिने गांवावरच्या ‘ब्रायर्स’ नांवाच्या मळ्यांत राहिला, आणि मग लाँगवूडच्या ओलसर, उंदरांनीं भरलेल्या घरांत साडेपांच वर्षें काढून ५ मे १८२१ रोजीं वारला. एक योगायोग मात्र आपल्या इतिहासाशीं संबद्ध म्हणून सांगतों. असईची व अडगांवची लढाई १८०३ त जिंकून आपल्या मराठी दौलतीचें कंबरडें मोडणारा वेलस्ली १८०५ त स्वदेशीं परततांना याच बेटावर थांबला होता आणि याच ब्रायर्समध्यें उतरला होता. दहा वर्षांनीं वॉटर्लूला त्यानें ज्याला हरविलें त्याच्या वांट्यास तीच जागा आली. वेलस्लीनें पुढें पॅरिसहून लिहिलेल्या पत्रांत यावर विनोदहि केला. विजयी माणसांना विनोद सुचतात.

मला त्या सर्व प्रकरणांत लक्षांत राहण्याजोगी वाटते ती बर्त्रां नांवाच्या सरदाराची पत्नी. तिचा नवरा स्वामिनिष्ठेनें नेपोलियनबरोबर निघाला. हिला कोणी विचारलें नाहीं. सेंट हेलेनास जावयाचें ठरलें हें कानीं पडतांच तिनें जहाजाच्या खिडकींतून समुद्रांत उडी टाकण्याचा प्रयत्न केला. लोकांनीं ओढून आंत घेतलें. पण गेली तेव्हां शेवटपर्यंत राहिली. १८१७ च्या जानेवारींत तिला तेथें मुलगा झाला. बाळ नेपोलियनला दाखवितांना ती म्हणाली कीं, महाराज, परवान्यावांचून आपल्याकडे आलेला हा पहिला फ्रेंच मनुष्य. लाँगवूडला गेलेले लोक सम्राटाची खाट पाहतात, खिडकीच्या झडपेला दुर्बिणीसाठीं पाडलेलीं भोकें पाहतात. समोरच बर्त्रांचें घर आहे. तेंहि पाहावें असें मी भाचीला उलट टपालीं कळविणार होतों, पण तीं दोघें तें आधींच पाहून आलीं होतीं.

नेपोलियननंतरहि सक्तीनें येणाऱ्यांची परंपरा सुटली नाहीं. झुलूंचा राजा दिनुझुलू १८९० ते १८९७ येथें होता; १९०० पासून दोन वर्षें सहा हजारांच्या आसपास बोअर कैदी तंबूंत होते. या सर्वांपेक्षां दुःखाची गोष्ट अशी कीं, इंग्रजी आरमारानें अटलांटिकांत पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेले पंचवीस हजारांवर आफ्रिकन लोक १८४० नंतर येथें आणले गेले. त्यांपैकीं सुमारें आठ हजार शेजारच्या रुपर्ट दरींत पुरलेले आहेत. त्यांच्या मोडक्या जहाजांच्या लांकडांतून वाळवी आली; तिनें सारें जेम्सटाउन पोखरलें, घरांच्या तुळया खाल्ल्या, ग्रंथालयांतील पुस्तकें खाल्लीं. इतक्या लोकांत केवळ मनांत आलें म्हणून तेथें जाणारा मनुष्य हा अगदीं अलीकडचा, नव्या तऱ्हेचा पाहुणा आहे.

कारण तेथें जाणें आतां आतां सोपें झालें. २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत केप टाउनहून एक टपालबोट जाई. पांच दिवस लागत. विमानतळासाठीं एक दरी शंभर मीटर उंचीपर्यंत दगडमातीनें भरून काढावी लागली आणि २८ कोटी पौंडांवर खर्च आला. सारें सिद्ध झाल्यावर २०१६ त कळून आलें कीं, कड्यावर आपटणारा वारा धांवपट्टीच्या तोंडाशींच गिरक्या घेतो आणि मोठें विमान तेथें उतरविणें धोक्याचें आहे. तेव्हां विलायतेंत पुष्कळ हशा झाला. शेवटीं १४ ऑक्टोबर २०१७ पासून लहान विमान सुरू झालें. जोहान्सबर्गहून निघालेलें विमान नामिबियांत इंधन घेतें आणि पुढें समुद्रच समुद्र. त्या वेळीं आठवड्यास एक फेरी होती, शनिवारची. जें विमान येतें तेंच त्या दिवशीं परत जातें. जोडप्याला अचानक जातां आलें; अचानक परत येतां येत नाहीं. पुढच्या शनिवारपर्यंत तीं दोघें, ती दरी आणि तो समुद्र.

पहिले तीन दिवस भाचीनें लिहिलेले फार गोड आहेत. गांवांतला प्रत्येक मनुष्य ओळख नसतां हंसून विचारपूस करतो. मोटारींतून जाणारा हात वर करतो. टेलिफोनच्या पुस्तकांत लोकांचीं टोपणनांवेंहि छापलेलीं आहेत. (आमच्या कोंकणांत असें पुस्तक काढलें तर दुसऱ्या दिवशीं फौजदारी होईल.) गांवाच्या एका कड्यावर ‘जेकबची शिडी’ म्हणून सरळ वर चढलेल्या ६९९ पायऱ्या आहेत, १८२९ सालीं तेथें माल ओढण्याची उतरण केली होती तिचा हा अवशेष. यजमान त्या चढले. मोजून ७०१ आल्या असें म्हणाले. भाचीनें खालींच बसून ६९९ च असल्याचें निक्षून सांगितलें, आणि वर्षभरांत प्रथमच दोघें निरुपद्रवी गोष्टीवरून भांडलीं. खाण्याचे हाल झाले. बेटावर ताजी भाजी कमी, मासळी फार. ‘प्लो’ नांवाचा मसाल्याचा भात घरोघर करतात. नांव पुलावाचेंच भावंड दिसतें. घरमालकीणबाईंनीं तो यांच्यासाठीं मांस न घालतां केला आणि पोटभर झाला नसेल म्हणून दोनदां माफी मागितली.

या बाई सत्तरीच्या. त्यांचे यजमान वीस वर्षें असेन्शन बेटावर कामाला होते. तेथें नोकरी आहे तोंवर राहावयाचें. नोकरी सुटली कीं बेट सोडावयाचें, असा तेथला कायदा आहे. कोणाचेंच घर तेथें होत नाहीं. ते म्हातारपणीं घरीं आले आणि तीन वर्षांत वारले. मुलगा फॉकलंड बेटांत, मुलगी विलायतेंत. तेथल्या घरोघरीं हाच पाढा आहे. १९८१ च्या कायद्यानें या लोकांचा विलायतेंत जाऊन राहण्याचा हक्क गेला होता. तो २१ मे २००२ रोजीं, बेट सांपडल्यास पांचशें वर्षें झालीं त्याच दिवशीं, परत मिळाला. हक्क मिळाल्याचा उत्सव झाला आणि लोक जाऊं लागले. १९९८ त पांच हजारांच्या घरांत असलेली वस्ती २००८ त चार हजारांच्या आसपास उरली. तरणीं माणसें गेलीं, पोरें आजीआजोबांपाशीं राहिलीं. या बाईंनींहि दोन नातवंडें वाढविलीं. तींहि मोठीं होऊन गेलीं. मूळ संस्कृत अर्थानें प्रवास काय असतो हें या गांवाला कोणी शिकवावयास नको.

रविवारीं संध्याकाळीं घरांतला टेलिफोन पांच वेळां वाजला. २०२३ पासून समुद्रतळावरून नवी तार आल्यानें आतां बोलणें स्वस्त झालें आहे. टेलिफोन वाजणार नाहीं म्हणून निवडलेल्या जागीं यजमान दिवाणखान्यांत बसून तो वाजलेला ऐकत होते. मग बाईंनीं चहा आणला आणि भाचीला विचारलें, “तुमच्या घरीं कोण?”

“सासरे.”

“एकटे?”

“हो.”

बाई कांहीं बोलल्या नाहींत. चहा गाळून झाल्यावर म्हणाल्या, “मुलांना जाऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. येथें राहून तीं काय करतील? पण पूर्वीं बोट होती ना, तिचें वेळापत्रक महिनेच्या महिने आधीं छापून येई. मुलगा कोणत्या तारखेस येणार तें लिहून कळवी. मी तेवढे दिवस मोजीत असें. दिवस मोजावयास मिळाले कीं फारसें कांहीं वाटत नाहीं.”

येथें भाचीनें आपल्या पत्रांत एक ओळ खोडली आहे. म्हणजे तशी जागा सोडून पुढें लिहिलें आहे. पुढें ती लिहिते कीं, नऊ वर्षांत आम्ही सांगलीस चार वेळां गेलों, आणि चारहि वेळां न कळवितां गेलों. रजा मिळेल कीं नाहीं याचा भरंवसा नसे. उगाच आशा लावूं नये म्हणून सांगत नसूं. आणि दारांत एकदम उभें राहिलें कीं आईंचा चेहरा जो फुले तो पाहण्याची हौस. मामा, त्या चेहऱ्याच्या आधींचे सारे महिने आम्हीं कधीं पाहिलेच नाहींत.

मी शिक्षक होतों. उत्तर लगेच तपासून गुण देण्याची जुनी खोड आहे. पण येथें मला कांहीं लिहितां आलें नाहीं. अचानक येण्यांतला सगळा आनंद येणाराचा असतो, एवढें खरें. वाट पाहणाराला तिथीवार लागतो. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा किती घरांत हें सदर वाचलें जातें हें मला येणाऱ्या पत्रांवरून कळतें. त्यांना हें मी सांगावयास नको. तीं मुलें घरीं आलीं असतां हा अंक त्यांच्या हातीं पडावा एवढीच माझी इच्छा.

परतीच्या शनिवारीं विमान आलें नाहीं. विमानतळावर ढग उतरले होते. त्याच विमानानें बाईंची विलायतेंतील मुलगी सात वर्षांनीं यावयाची होती. बाईंनीं सकाळपासून रांधून ठेविलें होतें. निरोप आला तेव्हां त्यांनीं भांडीं झांकून आंत ठेविलीं आणि या दोघांस म्हणाल्या, “आतां तुम्हीच जेवा, उद्यां पुन्हां करीन.” रविवारींहि तेंच झालें. यजमानांची एक महत्त्वाची बैठक सोमवारीं सकाळीं होती, ती हुकली. त्याबद्दल वरिष्ठांचें एक फार कडक पत्र आलें, आणि त्यांनीं तें वाचून खिशांत ठेविलें, एवढेंच भाचीनें लिहिलें आहे. रविवारीं दुपारीं ते एकटेच पुन्हां शिडी चढून गेले. खालीं आल्यावर त्यांनीं सांगलीस टेलिफोन लाविला. अण्णांनीं पहिला प्रश्न केला, “काय रे, बरें आहे ना? अवेळीं कसा?” मुलगा म्हणाला, “अण्णा, आम्ही येतों आहों. भोगीच्या दिवशीं. तेरा जानेवारी.” पलीकडे बराच वेळ शांत. मग अण्णा म्हणाले, “थांब, पेन्सिल घेतों.”

सोमवारीं विमान उतरलें. अर्धें गांव विमानतळावर होतें. हीं दोघें आंत जाण्याच्या रांगेंत असतां मुलगी बाहेर आली. कांचेपलीकडून बाईंची पाठ तेवढी दिसली. निरोप घ्यावयाचा राहूनच गेला.

मुख्य प्रश्न सुटलेला नाहीं. अण्णा सांगली सोडावयास तयार नाहींत, मुलाची नोकरी तेथेंच आहे, आणि त्यांत कोणाचें चुकतें असें मला म्हणतां येत नाहीं. १३ जानेवारी २०२५ ला मी कांहीं कामानिमित्त सांगलींत होतों, तेव्हां स्टेशनवर गेलों. गाडीला दीड तास अवकाश होता. अण्णा फलाटावर बाकावर बसलेले होते. मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. मीं विचारलें, “फार लौकर आलांत?” ते म्हणाले, “छे, ब्याण्णव दिवस झाले.”